अष्टागराचा सामाईक वारसा
(वार्षिक ज्ञातिसंमेलनात दिलेले व्याख्यान)



 आपल्या ज्ञातीचा इतिहास ग्रंथरूपाने सिद्ध करावा, असा विचार सध्या मंडळापुढे आहे. कुळांच्या याद्या, देवके, कुलस्वामिनींची स्थाने, वाड्यांचे जुने कागद यांची जुळवाजुळव चालू आहे. हे कार्य स्तुत्य आहे, यात शंका नाही. परंतु त्या ग्रंथाची सीमा कोठे आखावी, हा प्रश्न लेखणी उचलण्यापूर्वीच सोडविला पाहिजे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, शेजाऱ्यांना वगळून लिहिलेला आपला इतिहास नुसता अपुरा राहणार नाही, तो खोटा ठरेल.

हे विधान कोणास धाडसाचे वाटेल; म्हणून प्रथम आपल्या भूमीकडे पाहू. चौल, रेवदंडे, नागाव, आक्षी, थळ, किहीम ही आपली गावे समुद्राकडे तोंड करून बसलेली आहेत. चौल बंदराचा उल्लेख पहिल्या शतकातील ग्रीक नाविकांच्या प्रवासवृत्तातही सापडतो. इ. स. ९१५-१६ च्या सुमारास अल् मसूदी हा अरब प्रवासी येथे येऊन गेला. चौलास तो ‘सैमूर’ म्हणतो. येथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे तो नमूद करतो. त्यांत सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेले लोक होते आणि याच भूमीवर जन्मलेलेही होते. या दुसऱ्यांना ‘बयासिरा’ असे निराळे नाव पडलेले होते. त्यांचे व्यवहार पाहण्यासाठी त्यांच्यातीलच एक प्रमुख हिंदू राजाच्या संमतीने नेमलेला असे. अकराशे वर्षांपूर्वी या किनाऱ्याने परक्याला घर बांधू दिले होते, एवढे यावरून निश्चित होते.

त्यानंतर शंभर वर्षांच्या आतला, शके ९३४ म्हणजे इ. स. १०१२ चा मानला जाणारा आक्षी येथील शिलालेख मराठीच्या प्राचीनतम लेखांत गणला जातो. कोकणचक्रवर्ती केशिदेवरायाच्या प्रधानाने महालक्ष्मीच्या बोडणासाठी धान्याची नेमणूक केली, असा त्याचा आशय आहे. ज्या काळी बंदरात अरबी भाषा कानी पडत होती, त्याच काळाच्या आसपास दोन कोसांवर मराठी दगडावर उमटत होती. आपल्या घरी आजही देवीचे बोडण भरले जाते, तेव्हा त्या विधीचे वय ध्यानी घ्यावे.

आता बेने इस्रायल बांधवांचे उदाहरण घेऊ. त्यांच्या परंपरेप्रमाणे नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांच्या वंशजांनी तेलाचा घाणा हे उपजीविकेचे साधन केले. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. त्यांची आडनावे आपल्याच गावांवरून पडली: किहीमचे ते केहिमकर, नवगावचे ते नवगावकर. रेवदंड्यास व अलिबागेस एकोणिसाव्या शतकात त्यांची प्रार्थनामंदिरे उभी राहिली. १८७४ साली पुण्यास त्यांच्या वल्हांडण सणाची पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्या चित्रांतील स्त्रिया साडी नेसलेल्या आहेत. नवस फेडताना ते एलियाहू प्रेषिताच्या नावाने ‘मलिदा’ करतात. त्यात पोहे, साखर आणि ओले खोबरे असते. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य इस्रायलला गेले. तेथील धर्मपीठाने त्यांच्या यहूदीपणाविषयी शंका घेतली, तेव्हा त्यांना झगडावे लागले व १९६४ मध्ये तो वाद मिटला. तेथेही त्यांनी मराठी नियतकालिक चालविले.

रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई आहे. पोर्तुगीजांची सत्ता १७४० मध्ये येथून गेली, परंतु तेथील ख्रिस्ती वस्ती पोर्तुगीजापासून घडलेली आपली बोली आजही बोलते. बोलणारांची संख्या हजाराच्या आतबाहेर आहे. चहूकडे मराठी असता पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ एका गावाने आपली बोली राखली, याला शेजाऱ्यांची सहिष्णुता व त्या गावाची निष्ठा ही दोन्ही कारणे आहेत. दक्षिणेस मुरुडला जंजिऱ्याचे सिद्दी. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले आणि त्यांचे राज्य १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत टिकले. आंगऱ्यांचे व त्यांचे वैर आपण पोवाड्यांतून ऐकतो. परंतु वैर हाही शेजाराचाच एक प्रकार आहे.

एवढे दूर जाण्याचेही कारण नाही. आपण वाडीवाले आहोत. तेव्हा आपल्या एका वाडीचाच हिशेब मांडू. विहिरीवरचा रहाट सुताराने घडविला, त्याच्या माळेचे लोटे कुंभाराने भाजले. माडाची माडी भंडाऱ्याने काढली. मुळाशी घालावयाचे मासळीचे खत कोळीवाड्यातून आले. खोबऱ्याचे तेल शनवार तेल्याच्या घाण्यातून निघाले. पानसुपारीतील सुपारी आपली, पण कात कातकऱ्याने पाडला. घरचा तांदूळ व मीठ आगरी बांधवाच्या खारीतून आले. त्या खारी समुद्राकडून जिंकून घेताना बांध घालणे, उघाड्यांची दारे राखणे आणि उधाणात रात्र जागविणे हे श्रम त्याचे होते. नारळ गलबतात भरून मुंबईस पोहोचविणारे तांडेल व खलाशी कोळी, भंडारी वा मुसलमान असत. गावाच्या शिवेचा तंटा पडला तर महाराची साक्ष प्रमाण धरली जाई. मग ‘ही वाडी आमच्या पूर्वजांनी फुलविली’ हे वाक्य आपण लिहितो, तेव्हा त्यातील ‘आमच्या’ या शब्दात किती माणसे बसवावी लागतील, याचा विचार व्हावा.

तथापि हे चित्र केवळ गोडीगुलाबीचे रंगविणे हा सत्याचा अपलाप होईल. ज्याची साक्ष शिवेवर चाले, त्याचा घडा विहिरीवर चालत नसे. ज्याच्या श्रमाने खार पिके, त्याच्या खळ्यातून खोताचा वाटा आधी उचलला जाई. या अन्यायाविरुद्ध याच जिल्ह्यात दोन मोठे लढे झाले व ते दोन्ही आपल्या ग्रंथात आले पाहिजेत. पहिला महाडचा. सीताराम केशव बोले यांनी १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव संमत करून घेतला. पुढे महाड नगरपालिकेने सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकाराने त्याचा अंगीकार केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद भरली, तेव्हा कोणी जागा देईना. फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. बोले भंडारी, टिपणीस कायस्थ प्रभू, फत्तेखान मुसलमान. तळ्यावरील हक्काचा निवाडा उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने दिला.

दुसरा लढा अलिबाग तालुक्यातील चरीचा. १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली आगरी व इतर कुळांनी खोतांची जमीन कसणेच थांबविले. लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून त्यांनी सुमारे सहा वर्षे काढली. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कोकणातील खोती अखेर १९४९ च्या कायद्याने गेली. कूळकायद्याच्या त्या काळात आपल्या ज्ञातीची काही घरे एका बाजूस, काही दुसऱ्या बाजूस असणे स्वाभाविक आहे. ज्या घरांतील कागद ज्या बाजूचे असतील, ते तसेच छापावेत, झाकू नयेत.

आता निकडीचा मुद्दा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने आपल्या किनाऱ्यावरील वाड्या भुईसपाट केल्या. नवी सुपारी फळावर येण्यास कित्येक वर्षे लागतात. इतका धीर न धरवल्याने पुष्कळांनी वाड्या विकल्या. त्याच वर्षी मुंबईहून मांडव्यास मोटारी वाहून आणणारी बोट सुरू झाली व जमिनीचा भाव आणखी चढला. विक्री करणाऱ्यास मी दोष देत नाही. ज्याचा संसार त्यालाच ठाऊक. परंतु घर विकताना माळ्यावरची मोडी कागदांची पेटी रद्दीत जाते, रहाटाच्या लाकडाचे सरपण होते आणि कोणत्या विहिरीस कोणाचे नाव होते, हे सांगणारी आजी मुंबईच्या खोलीत मुकी बसते. हे नुकसान कोणत्याही पंचनाम्यात येत नाही.

म्हणून मंडळास माझ्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, प्रत्येक घराने आपले मोडी कागद मंडळाकडे केवळ प्रत करण्यापुरते द्यावेत व मंडळाने ते जाणकाराकडून बाळबोधीत उतरवून घ्यावेत. दुसरी, आपल्या तरुण मुलामुलींनी केवळ आपल्याच वडीलधाऱ्यांकडे न जाता कोळीवाड्यात, आगरी पाड्यावर, बौद्धवाडीत, मोहल्ल्यात, कोर्लईस व कातकरी वाडीवरही जावे आणि तेथील वृद्धांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, आठवणी त्यांच्याच शब्दांत टिपून घ्याव्यात. गाणी, सणाचे पदार्थ, वाऱ्यांची व उधाणांची नावे हे ज्ञान स्त्रियांच्या व खलाशांच्या मुखी आहे; ते कागदावर कधीच आलेले नाही. तिसरी, जे लिहिले जाईल ते छापण्यापूर्वी त्या त्या वस्तीस वाचून दाखवावे. आपल्याविषयी काय लिहिले गेले, हे ऐकण्याचा व ते दुरुस्त करण्याचा त्यांचा अधिकार आहे.

असे केल्याने ग्रंथ जाड होईल, खर्च वाढेल, एखाद्या कुळाचा मोठेपणा किंचित कमीही होईल. परंतु पन्नास वर्षांनी आपले नातू तो ग्रंथ उघडतील, तेव्हा त्यांना केवळ आपल्या आडनावांची यादी मिळणार नाही. ज्या गावात ती आडनावे रुजली, ते सबंध गाव भेटेल. ज्ञातीची सेवा याहून निराळी कोणती असू शकते?