तळव्यावरून ओळख पटविणारे यंत्र



इ. स. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराशी रस्त्याची खडी पुरविण्याचा करार केला. पुढे त्याने सही नाकारू नये, म्हणून त्याच्या हाताचा पंजा शाईने माखून करारपत्राच्या पाठीवर उमटवून घेतला. तळव्यावरून ओळख पटविण्याची कल्पना इतकी जवळची आहे.

आजच्या यंत्रास शाई लागत नाही. ते तळव्यावर डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण टाकते. शिरांतील रक्त ते किरण शोषून घेते, त्यामुळे शिरांचे जाळे काळसर उमटते आणि संगणक त्याचा सांकेतिक नमुना साठवितो. खुरपे, विटा व चुना यांनी ज्यांच्या बोटांवरील रेषा झिजल्या आहेत, त्या श्रमिकांना हे यंत्र विशेष उपकारक होय. कारण शिरा त्वचेच्या आत असतात.

यंत्र जोडताना सोबतच्या पुस्तिकेतील क्रम मोडू नये. आज्ञावली संगणकात बसली, यंत्राचा दिवा लागला, की नोंदणीस आरंभ करावा. एकच हात अनेकदा दाखवावा लागतो. तेथे घाई करणे इष्ट नव्हे. सर्वांत घातक चूक मात्र यंत्राची नसते: एकाच्या नावावर दुसऱ्याचा हात नोंदला जातो! म्हणून प्रत्येक नाव हजेरीपटाशी ताडून पाहावे.

यंत्र ओळख नाकारू लागले, तर प्रथम एवढेच पाहावे की, ते सर्वांनाच नाकारते की एखाद्यालाच. सर्वांना नाकारीत असेल, तर दोष बहुधा यंत्राकडे असतो. तार सैल झालेली असते, काचेवर खडूची धूळ बसलेली असते, किंवा खिडकीतून थेट ऊन पडत असते. सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण असल्याने यंत्र गोंधळते. ते सावलीत हलविले की पुष्कळदा काम भागते. काच मऊ, कोरड्या फडक्याने पुसावी. एखाद्यालाच नाकारीत असेल, तर त्याने बोटे फाकवून तळवा काचेपासून थोडा वर, स्थिर धरावा. थंडीच्या सकाळी शिरा आकुंचन पावतात, तेव्हा हात चोळून ऊब आणावी. तरीही ओळख न पटल्यास नोंदणी पुन्हा करावी.

काही ठिकाणी कंटाळून यंत्राची कसोटीच सैल केली जाते. हा उपाय घातक आहे. कसोटी सैल केली की भलताच मनुष्य आत शिरतो. फार कडक केली की खरा मनुष्य दाराबाहेर राहतो.

दिनांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे देशातील पहिली आधार पत्रे दिली गेली. आधारसाठी बोटांचे ठसे, डोळ्यांतील बुबुळे व चेहरा घेतात. तळव्याच्या शिरा घेत नाहीत. हा भेद पालकांना सांगावा. तसेच बालकांची आधारमधील ही माहिती ५ व्या व १५ व्या वर्षी अद्ययावत करावी लागते, हेही सांगावे.

परवलीचा शब्द बदलता येतो, तळवा बदलता येत नाही. यास्तव नोंदणीची प्रत कोणाच्याही संगणकावर उतरवून देऊ नये. यंत्राशेजारी कागदी हजेरीपट ठेवावा, आणि ओळख न पटलेल्याचे नाव त्याच दिवशी, वेळेसह, त्यात लिहावे.