आलेखांतील खिंडारें

रात्रीं दोनच्या सुमारास एखाद्या बँकेच्या दोन शाखांना जोडणारी लाइन बंद पडते. सकाळीं बँक म्हणते, ती तीन तास बंद होती. लाइन पुरविणारी कंपनी म्हणते, अवघीं दहा मिनिटें. भरपाई द्यावयाची कीं नाहीं, हें ठरविण्यास साक्षीदार एकच. दर पांच मिनिटांनीं राउटरला प्रश्न विचारून त्याचें उत्तर टिपून ठेवणारें देखरेखीचें सॉफ्टवेअर! त्याचा आलेख उघडून पाहावा, तों नेमक्या त्याच वेळेपुरती रेघ नाहीं. साक्षीदार हजर आहे. पण त्याची जबानी कोरी आहे.

हें सॉफ्टवेअर हल्लीं पुष्कळदां स्वतंत्र संगणकावर नसतें. एका मोठ्या संगणकाच्या पोटांत अनेक लहान संगणक असल्यासारखी व्यवस्था करतात, व त्यांपैकीं एका व्हर्च्युअल मशीनमध्यें तें चालतें. या मशीनची स्थिति भाडेकरूसारखी असते. घड्याळ घरमालकाचें, डिस्कहि घरमालकाचीच. म्हणून नोंदी हरवल्याची ओरड झाली, कीं प्रथम विचारावयाचें तें हें : नोंद मुळीं घेतलीच गेली नाहीं, घेतली पण लिहिली गेली नाहीं, कीं लिहिलेली मागाहून नाहींशी झाली? या तीन दुखण्यांचें बाह्य लक्षण एकच, पण औषधें निरनिराळीं.

कांहीं तक्रारी तर दुखण्याच्या नसतातच. टोबियस ओटिकर यांनीं १९९५ सालीं, इंग्लंडांतील लेस्टर येथें काम करीत असतां, ६४ किलोबिटांच्या एका लाइनीवरील वाहतूक दाखविण्याच्या गरजेंतून एमआरटीजी हें साधन प्रसिद्ध केलें, आणि १९९९ सालीं आरआरडीटूल. या दुसऱ्याची फाइल कधीं वाढत नाहीं. जागा ठरलेली, ती भरली कीं जुन्या नोंदींवर नव्या नोंदी लिहिल्या जातात, व जुन्यांची बहुधा केवळ सरासरी मागें राहते. दिवसाच्या २८८ नोंदींचा एक आंकडा झाला, म्हणजे दहा मिनिटांचा उसळलेला भार त्यांत विरघळून जातो. ही चोरी नव्हे, करारच तसा आहे. मात्र तो फाइल बनवितांनाच वाचावयास हवा होता.

खरी गंमत घड्याळाची आहे. श्रोत्यांनीं कल्पना करावी, कीं रात्रीं साडेअकरा वाजतां दुरुस्तीसाठीं बंद केलेली मशीन पुन्हां सुरू झाली. घरमालक संगणकानें तिला भारतीय वेळ सांगितली. तिनें ती जागतिक प्रमाणवेळ समजून तींत आणखी साडेपांच तास मिळविले. तिच्या लेखीं पहांटेचे पांच वाजले! त्या क्षणीं एक नोंद झाली, आणि मिनिटाभरांत वेळ जुळविणाऱ्या सेवेनें घड्याळ मागें आणून ठीक केलें. आतां सर्व सुरळीत दिसतें. परंतु आरआरडीटूलचा नियम असा, कीं शेवटच्या नोंदीपूर्वींच्या वेळेची नोंद स्वीकारावयाची नाहीं. शेवटची नोंद तर पहांटे पांचची. म्हणून खरे पांच वाजेपर्यंत आलेलें प्रत्येक उत्तर दारांतूनच परत जातें. राउटर बोलत होता, सॉफ्टवेअर ऐकत होतें, पण वही उघडत नव्हती.

अशा खिंडाराची रुंदीच गुन्हेगाराचें नांव सांगते : बरोबर साडेपांच तास. फाइलींतील शेवटच्या नोंदीची वेळ विचारण्याची आज्ञा आहे. ती वेळ भविष्यांतील निघाली, कीं शोध संपला. सॉफ्टवेअरच्या रोजनाम्यांत नोंदी नाकारल्याचे इशारेहि ओळीनें सांपडतात. घड्याळ जुळल्याखेरीज प्रश्न विचारण्यास आरंभच करूं नये, एवढी व्यवस्था केली म्हणजे हें दुखणें उलटत नाहीं. नाकारलेलीं उत्तरें मात्र अन्यत्र टिपलेलीं नसतील, तर गेलीं तीं गेलीं.

डिस्कची कथा अधिक घातक. मशीनला आपल्या डिस्कवर भरपूर जागा दिसत असते, आणि तिच्याखालची खरी डिस्क भरून गेलेली असते. पुष्कळदां कारण एखादा विसरलेला स्नॅपशॉट. तो घेतल्यापासून बदललेला प्रत्येक भाग वेगळ्या फाइलींत सांठत जातो, व ती फाइल महिनोन् महिने फुगत राहते. मशीन थबकली, कीं घाबरलेला चालक तोच स्नॅपशॉट परत आणतो. मशीन तत्काळ उठते. पण स्नॅपशॉटनंतरचें सर्व लेखन त्या एका आज्ञेनें पुसलें जातें. खिंडार तासांचें होतें, तें महिन्यांचें झालें! जें औषध हाताशीं सर्वांत जवळ, तेंच येथें विष ठरतें. आधीं मशीन थांबवावी, वेगळ्या फाइलींसह सर्व डिस्कची प्रत दुसरीकडे काढावी, आणि मग त्या प्रतीवर काय ते प्रयोग करावे.

खिंडार न पाडणारी हानि वेगळीच. राउटरचा जुना ३२ बिटांचा मोजक ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत मोजून पुन्हां शून्यावर येतो. १०० मेगाबिटांच्या भरलेल्या लाइनीवर यास सुमारें ५ मिनिटें ४४ सेकंद लागतात, १ गिगाबिटाच्या लाइनीवर अवघीं ३४ सेकंद. पांच मिनिटांनीं विचारणाऱ्यास मधले फेरे कळणार कसे? रेघ अखंड राहते आणि आंकडा खोटा असतो. येथें ६४ बिटांचा मोजक वापरण्यावांचून गत्यंतर नाहीं.

कोऱ्या जागीं शून्य भरून आलेख सुबक करण्याचा मोह कित्येकांना होतो. शून्य म्हणजे ‘वाहतूक नव्हती’. कोरें म्हणजे ‘ठाऊक नाहीं’. भरपाईच्या वादांत या दोहोंत जमीनअस्मानाचें अंतर आहे. त्या बँकेला खरी माहिती अजून मिळूं शकेल, पण ती आलेखांत नव्हे. लाइन पडल्याची व उठल्याची वेळ दोन्हीं टोकांचे राउटर सामान्यतः स्वतःच्या स्मरणांत टिपतात. तें स्मरण तोकडें असतें, नव्या ओळी आल्या कीं जुन्या जातात, आणि राउटर बंद करून चालू केला तर बहुधा सर्वच जातें. तेव्हां तें त्याच सकाळीं, दुरुस्तीवाला पोंचण्यापूर्वीं, उतरवून घेतलें पाहिजे.