तुकी : मोर की पोपट?
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आपली नातवंडे इथे सिडनीत हिब्रू शिकतात, तेव्हा 'तुकी' म्हणजे पोपट असे शिकतात. ते बरोबर आहे. आजच्या इस्राएलात तुकी म्हणजे पोपटच. पण राजांचे पहिले पुस्तक, अध्याय १०, वचन २२ काढून पाहा. शलोमो राजाची जहाजे तीन वर्षांतून एकदा जो माल आणीत, त्यात सोन्यारुप्याबरोबर 'कोफीम' आणि 'तुकीयीम' आहेत. कोफ म्हणजे वानर. तुकीयीमला मराठी शास्त्रात 'मोर' म्हटले आहे.

रॉबर्ट काल्डवेल यांनी १८५६ साली द्राविडी भाषांच्या व्याकरणात तुकीचा संबंध तमिळ 'तोकै', म्हणजे मोराचा पिसारा, या शब्दाशी जोडला. कोफ आणि आपला 'कपि' यांचेही नाते सांगतात. निळा मोर मूळचा हिंदुस्थानचाच, तेव्हा पक्ष्याबरोबर त्याचे नावही जहाजात चढले असावे. काही विद्वान मात्र हे शब्द मिसरी मानतात आणि तुकी हीसुद्धा वानराचीच जात ठरवतात. वाद मिटलेला नाही. म्हणून या एका शब्दावरून आपले पूर्वज शलोमोच्या काळी नवगावच्या किनाऱ्याला लागले, असे कोणी ठरवू नये. आपली परंपरा अशा आधाराशिवायही उभी आहे.

पुढे काय झाले ते पाहा. अरामी तार्गूममध्ये मोरासाठी ग्रीकांकडून आलेला 'तवास' शब्द आला आणि हिब्रूत तोच रुळला. तुकी रिकामा राहिला. आधुनिक हिब्रूने तो पोपटाला देऊन टाकला. शब्द राहिला, पक्षी उडाला!

आपल्या मराठीचे असे होऊ नये, एवढेच मागणे आहे. इथे कुंपणावर येऊन ओरडणारा पांढरा तुरेवाला पक्षी नातवंडांना 'कॉकटू' म्हणून ठाऊक आहे. त्याला मराठीत काकाकुवा म्हणतात. दोन्ही शब्द मुळात मलाय भाषेतले, आपल्यासारखेच समुद्र ओलांडून आलेले. घरी नातवंडांना तुकी, मोर आणि काकाकुवा हे तिन्ही शब्द सांगा. नुसता शब्द देऊ नका, पक्षीही दाखवा. मोर कोकणात कुठे पाहिला होता, तेही सांगा. सांगणारे आता आपणच उरलो आहोत.

शालोम.