मुलांच्या हातातील पडदा आणि घरातील मराठी

(मंडळाच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या सभेत भाषेचा विषय निघाला की आपण शाळा, बंद पडणाऱ्या तुकड्या आणि सरकारला द्यायची निवेदने यांविषयी बोलतो. ते बोललेच पाहिजे, आणि आम्हीही शेवटी तिकडे येणार आहोत. पण आजचा आमचा विषय घरातला आहे. चार ते दहा वर्षांच्या मुलांच्या हातात मोबाईल किंवा टॅब्लेट आलेला आहे. त्यावर ती काय पाहतात याची चर्चा घरोघर होते. त्यावर ती मराठीतून काय घडवू शकतात, याची चर्चा मात्र फारशी होत नाही. ती आज करावी असे आम्हाला वाटते.

प्रथम आपल्या बडोद्याची परिस्थिती पाहू. आपल्या घरांतील आजी-आजोबा मराठी वाचतात आणि लिहितात. मधली पिढी मराठी बोलते, वाचते, पण चार ओळी लिहायच्या म्हटल्या की थबकते. नातवंडांना मराठी समजते. उत्तर मात्र अर्धे गुजरातीत आणि अर्धे इंग्रजीत येते. शाळेच्या वेळापत्रकात इंग्रजी, गुजराती आणि हिंदी यांच्या पलीकडे जागा उरत नाही. गुजरात विधानसभेने २०२३ मध्ये पहिली ते आठवीपर्यंत गुजराती सक्तीची करणारा कायदा केला. त्याबद्दल आमची तक्रार नाही. महाराष्ट्रानेही २०२० मध्ये मराठीसाठी असाच कायदा केला. ज्या राज्यात राहतो त्या राज्याची भाषा मुलांना उत्तम यावी, हे आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या मानले आहे. पण याचा अर्थ इतकाच की, आपल्या बहुतेक मुलांना मराठी लिहायची संधी आता घराबाहेर मिळणार नाही. ती घरातच द्यावी लागेल.

इथे ही नवी साधने उपयोगी पडतात. मूल मराठी व्यंगचित्रपट तासभर पाहते तेव्हा ते मराठी ऐकते, एवढेच. पण चित्र काढून त्याखाली एक ओळ लिहायची असेल, किंवा आपल्या आवाजात गोष्ट सांगायची असेल, तर त्याला शब्द शोधावा लागतो. ‘आजी, याला मराठीत काय म्हणतात?’ हा प्रश्न त्याच क्षणी येतो. त्या प्रश्नासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

आता प्रत्यक्ष साधनांविषयी. चारच गोष्टी सांगतो. त्या विनामूल्य आहेत आणि घरच्या घरी करता येतात.

पहिले साधन ‘टक्स पेंट’. २००२ पासून मुलांसाठी उपलब्ध असलेला हा चित्रकलेचा कार्यक्रम आहे. एकदा संगणकावर उतरवून घेतला की इंटरनेट लागत नाही आणि मध्येच जाहिराती येत नाहीत. त्यातील सूचना मराठीत करून घेता येतात. मुलाने काढलेली चित्रे ओळीने लावून एकामागून एक दाखवण्याची सोयही त्यात आहे. कमाटी बागेत रविवारी काय पाहिले, त्याची पाच चित्रे मुलाला काढू द्या. ती पडद्यावर सरकत असताना मुलाने घरातल्यांना मराठीतून सांगायचे. पाच वर्षांच्या मुलाला एवढे पुरे.

दुसरे साधन ‘स्टोरीवीव्हर’. प्रथम बुक्स या संस्थेने सप्टेंबर २०१५ मध्ये हे संकेतस्थळ सुरू केले. त्यावर अनेक भारतीय भाषांतील सचित्र गोष्टी आहेत, आणि वाचनाच्या तयारीप्रमाणे त्यांच्या चार पातळ्या केलेल्या आहेत. मूळ लेखक-चित्रकारांचा नामोल्लेख ठेवून त्या छापता येतात, भाषांतरित करता येतात. तेथील चित्रे घेऊन स्वतःची गोष्टही रचता येते. आपल्या मुलांसाठी यात एक खास सोय दडलेली आहे. तिसरी-चौथीतले आपले मूल गुजराती झरझर वाचते. त्याला एखादी गोष्ट गुजरातीत वाचू द्या आणि तीच मराठीत आजीला सांगायला लावा. आजीने ती लिहून घ्यावी किंवा मुलाकडून लिहून घ्यावी. मग तेथील मराठी गोष्ट उघडून दोन्ही ताडून पाहावे. शाळेतील गुजराती इथे मराठीच्या आड येत नाही, तिला हात देते. पुण्याच्या मुलाला हा अभ्यास करता येणार नाही. बडोद्याच्या मुलाला येतो.

तिसरे ‘स्क्रॅचज्युनिअर’. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी अमेरिकेतील टफ्ट्‌स विद्यापीठ व एमआयटी यांच्या सहभागातून २०१४ मध्ये हे तयार झाले. यातील ठोकळ्यांवर शब्दच नाहीत, नुसती चिन्हे आहेत. ठोकळे एकापुढे एक जोडले की चित्रातले पात्र चालते, उडी मारते, बोलते. बोलते ते मुलाच्याच आवाजात, कारण आवाज ध्वनिमुद्रित करण्याची सोय आहे. म्हणजे पडद्यावरचे मांजर कोणती भाषा बोलणार हे आपले मूल ठरवते. आठ वर्षांपुढील मुलांसाठी याचेच थोरले भावंड ‘स्क्रॅच’ २००७ पासून आहे. त्यावर केलेले काम जगाला दाखवता येते, म्हणून तेथे मोठ्यांचे लक्ष अधिक हवे.

चौथी गोष्ट मराठी टंकलेखनाची. आपल्या फोनमध्ये मराठीचा कळफलक असतो. तो सेटिंगमध्ये जाऊन निवडावा लागतो. बोलून लिहिण्याची सोयही मराठीत आहे. मात्र भाषा मराठीच निवडली आहे ना, हे पाहावे. पुष्कळ फोनवर हिंदी आधीपासून निवडलेली असते, आणि मग आपला ‘ळ’ तेथे ‘ल’ होऊन उतरतो. गुजरातीत ‘ळ’ असल्यामुळे बडोद्याच्या मुलाच्या जिभेवर तो शाबूत आहे. तो फोनवर गमवायचा काय? यंत्राने चुकीचा शब्द लिहिला की मुलाने तो शोधून दुरुस्त करायचा. शुद्धलेखनाचा याहून आनंदाचा तास आम्हाला माहीत नाही.

एक विनंती विशेषतः ज्येष्ठांना आहे. मूल खिडकीला ‘बारी’ म्हणाले तर लगेच रागावू नका. त्याला ‘खिडकी’ सांगा, पण गोष्ट थांबवू नका. आपल्या मराठीत गुजरातीचे पाणी मिसळले आहे, हे खरे. त्या मराठीतच सूरसागरची, दांडिया बाजारातल्या गणपतीची आणि सेव-उसळीच्या गाडीची गोष्ट लिहिली जाईल. ती पुण्या-मुंबईहून छापून येणार नाही. ती आपल्याच घरातून यावी लागेल.

आता सावधगिरीविषयी थोडे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांनी बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावा, आणि जितका कमी तितका चांगला. म्हणून वीस मिनिटे, आठवड्यातून दोन-तीन वेळा, शेजारी मोठे माणूस बसलेले, एवढी मर्यादा आम्ही सुचवतो. खाते उघडायचे तर पालकाच्या नावाने उघडावे. मुलाचे पूर्ण नाव, छायाचित्र, शाळा, पत्ता कोठेही देऊ नये. संसदेने २०२३ मध्ये संमत केलेल्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक मानला आहे, आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक धरली आहे. संमतीचे बटण न वाचता दाबणे म्हणजे हा हक्क सोडून देणे होय.

अलीकडे एक वाक्य सांगितले की चित्र किंवा गोष्ट तयार करून देणारी यंत्रेही आली आहेत. मोठ्यांना ती उपयोगी असतील. यांपैकी काही सेवांच्या अटींतच तेरा वर्षांखालील मुलांना मनाई आहे. आमचे कारण मात्र वेगळे आहे. लहान मुलाने वाकडातिकडा हत्ती स्वतः काढायचा असतो. तयार हत्ती मिळाला, तर ‘सोंडेला काय म्हणतात’ हे विचारायची वेळच येत नाही.

मित्रहो, या शहराला हे शिकवण्याची गरज नसावी. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग करून १९०६ मध्ये सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डेन यांना बोलावून ग्रंथालयांची व्यवस्था उभारली, आणि पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरू लागल्या. पेटी गावात पोहोचली तरी ती उघडून वाचून दाखवणारे कोणीतरी लागतच असे. आजची पेटी प्रत्येकाच्या खिशात आहे. वाचून दाखवणारे माणूस आपण व्हायचे आहे.

शेवटी, मंडळाने काय करावे? आम्ही तीन सूचना सभेपुढे ठेवतो.

एक, मंडळाच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी एक तास एक संगणक व दोन टॅब्लेट मुलांसाठी ठेवावेत. सोबतीला आळीपाळीने दोन ज्येष्ठ सभासद बसावेत. संगणक येत नसला तरी चालेल. मूल ते शिकवील. त्यांनी मराठी द्यावी.

दोन, मुलांनी केलेल्या गोष्टी छापून, टाचून त्यांची पुस्तिका वाचनालयाच्या कपाटात ठेवावी आणि गणेशोत्सवात मुलांनीच त्या वाचून दाखवाव्यात. पडद्यावर राहिलेले काम विसरले जाते. कपाटात ठेवलेले पुस्तक धाकटे भावंड काढते.

तीन, निवेदन. राज्यघटनेत १९५६ मध्ये समाविष्ट झालेल्या ३५०-अ या अनुच्छेदानुसार भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करायचा आहे. आपण राज्य सरकारकडे मागावे की, जेथे मराठी तुकडी चालवणे शक्य नाही तेथे सरकारी शाळेच्या संगणक कक्षात आठवड्यातून एक तास मराठीसाठी मिळावा. महाराष्ट्र सरकारकडे मागावे की, लहान मुलांची मोफत साधने मराठीत आणण्याचे काम त्यांनी हाती घ्यावे, आणि त्यात बृहन्महाराष्ट्रातील मुलांचाही विचार व्हावा. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण अभिजात भाषा ग्रंथात टिकते. जिवंत भाषा टिकायला तिच्यात खोड्या करणारी मुले लागतात.

निवेदन देताना आपल्याला विचारले जाईल, ‘तुमच्या मुलांना मराठी हवी आहे, हे कशावरून?’ त्या वेळी कार्यकारिणीने मुलांच्या पुस्तिका टेबलावर ठेवाव्यात. त्याहून वजनदार पुरावा दुसरा नाही.

 सूचनांवर चर्चा व्हावी आणि पहिल्या रविवारची नावे आजच नोंदवली जावीत, ही विनंती.