वर्गातील पहिले गाणे
(वार्षिक संमेलनातील भाषण)



शिष्यवृत्त्या व वसतिगृह यांविषयी इतर वक्ते अधिकाराने बोलतीलच. मी शिक्षिका या नात्याने एका लहानशा गोष्टीकडे आपले लक्ष वेधू इच्छिते. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा पुण्यातील एकाच वर्गात कोकणातील, वऱ्हाडातील व सीमाभागातील मुले शेजारी शेजारी बसतात. त्यांची ओळख करून देण्याचा आपला रूढ मार्ग म्हणजे नाव, गाव आणि वडिलांचा व्यवसाय विचारणे. हा मार्ग मला मुळीच पसंत नाही. एवढ्याने मुलाची जात व ऐपत वर्गाला समजते, मूल तसेच अनोळखी राहते. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून हे बोलणे काहींना विचित्र वाटेल, त्याला माझा इलाज नाही.

म्हणून मी मुलांना घरात ऐकलेले एक गाणे आणावयास सांगते. गाता आले तर गावे. न आले तर घरच्या माणसाच्या आवाजात मोबाइलवर मुद्रित करून आणावे. पहिले गाणे मी स्वतः म्हणते. माझा आवाज आपण मघाशी स्वागतगीतात ऐकलाच आहे. तो ऐकल्यावर कोणाही मुलास भीती उरत नाही.

गाण्यांच्या भेंड्या याच कामी येतील, असे पुष्कळांना वाटते. सहलीच्या गाडीत त्या ठीक. पहिल्या दिवशी नकोत. त्यांत ज्याला चित्रपटगीते पाठ तो जिंकतो आणि बुजरे मूल अधिकच बुजते. त्यापेक्षा आपला भोंडला कितीतरी शहाणा. आश्विनात पाटावर हत्तीचे चित्र मांडून मुली फेर धरतात. नवखीलाही ध्रुवपद उचलता येते, आणि शेवटी खिरापत ओळखण्याच्या निमित्ताने तिचे तोंड उघडते.

जात्यावरही हेच घडत असे. सासरी आलेली नवी सून जावेसमोर दळावयास बसे. एकीने ओवी सुरू करावी, दुसरीने उचलावी, आणि दिवसा उंबऱ्यात न बोलता येणारे मनोगत पहाटे सांगून व्हावे. हेमा राईरकर व गी प्वातव्हां यांनी पुण्यात राहून, सहकाऱ्यांच्या साह्याने, खेडोपाडीच्या अशा १,००,००० हून अधिक ओव्या जमविल्या. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले आणि १९३२ साली विनायकबुवा पटवर्धनांनी पुण्यात. त्यांच्यामुळे पांढरपेशा घरांत गायन प्रतिष्ठेचे झाले. हे त्यांचे मोठेच ऋण आहे. परंतु शिकलेले तेच गाणे, असा आपण सोयीस्कर अर्थ लावला आणि आजीची ओवी माजघरातच राहिली.

गडहिंग्लजकडची एक मुलगी माझ्या वर्गात आली. तिच्या ‘व्हय’ला मुले हसत, म्हणून तिने बोलणेच सोडले होते. तिने आजीच्या आवाजातील ओव्या आणल्या. त्यांत ‘माळवं’ हा शब्द आला. वर्गातील एकालाही तो ठाऊक नव्हता. एकाने तर ती माळ समजून तसे सांगितलेही. मुलगी उठली आणि माळवं म्हणजे भाजीपाला, तो कोण पिकवतो, बाजाराला केव्हा जातो, हे पाच मिनिटे तिने आपल्याच बोलीत सांगितले. त्या दिवशी कोणी हसले नाही. पुढे अधूनमधून हसले; मुले ती मुलेच. पण तिने बोलणे पुन्हा सोडले नाही.

ज्याला गावयाचे नसेल त्याला मात्र मी आग्रह करीत नाही, आणि गुण तर कोणालाच देत नाही. एक अडचण अलीकडे वाढली आहे. “आमच्या घरी कोणी गातच नाही,” असे सांगणारी मुले बहुतेक आपल्यासारख्या सुशिक्षित घरांतील असतात. त्यांच्या घरी आजी असते. तिला कोणी विचारलेले नसते.

आपल्या वसतिगृहात येत्या जूनमध्ये नवे विद्यार्थी येतील. पहिल्या संध्याकाळी त्यांना परीक्षेतील गुण विचारण्याऐवजी घरचे एकेक गाणे म्हणावयास सांगावे. व्यवस्थापक मंडळाने त्यांच्या आधी म्हणावे, आणि प्रारंभ अध्यक्षमहाराजांनी करावा, अशी माझी नम्र सूचना आहे.