घराकडं लक्ष असू द्या



रजा संपली की जवान निघतो. काळी ट्रंक जाऊन आता पाठीवरची सॅक आली, पण फाट्यावरचं दृश्य तेच आहे. आई हातावर दही ठेवते, वडील त्याची पिशवी धरून उभे राहतात, बायको लेकराला कडेवर घेऊन जरा मागं थांबते. गाडीत चढताना तो सोडायला आलेल्या शेजाऱ्याला एवढंच म्हणतो, ‘घराकडं लक्ष असू द्या.’ शेजारी म्हणतो, ‘तू बिनघोर जा.’ त्या वेळी तो अगदी मनापासून म्हणतो. या दोन वाक्यांबद्दल मला आज बोलायचं आहे.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. माझे यजमान मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. त्यांच्या चोवीस वर्षांच्या नोकरीत आम्ही एका छपराखाली राहिलो ती जेमतेम सहा वर्षं. बाकीचा संसार ‘मार्फत ५६ ए.पी.ओ.’ या पत्त्यावर झाला. मुलांना वाटायचं, वडिलांच्या गावाचं नावच छप्पन्न आहे. संध्याकाळी विविध भारतीवर ‘जयमाला’ लागली की घर चिडीचूप व्हायचं. फर्माईश करणाऱ्या फौजींच्या नावांत आपलं नाव येईल, या आशेनं सासूबाई चूल फुंकायच्या थांबायच्या.

आमचा सातारा जिल्हा फौजींचा. जवळच्या अपशिंग्याला तर लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान कामी आले. अशा मुलखात जवानाचा मान मोठा आहे. तिरंग्यात लपेटलेला देह गावात येतो तेव्हा चुली पेटत नाहीत, आठवडी बाजार बंद राहतो, दहा गावांची माणसं लोटतात. हे व्हायलाच हवं. पण जो जिवंत आहे, आत्ता या घडीला बर्फात उभा आहे, त्याच्या घरी या महिन्यात किती जण जाऊन आले? वीरपत्नीच्या दारात आपण रांग लावतो आणि फौजीच्या बायकोच्या दारावरून रोज नुसते जातो. हे मला सलतं.

फौजेत दोन शब्द सारखे कानावर येतात, ‘पीस’ आणि ‘फील्ड’. पीस पोस्टिंगला क्वार्टर मिळालं तर कुटुंब बरोबर जातं. फील्डला जाता येत नाही. मागं राहणाऱ्या कुटुंबांसाठी छावण्यांमधून वेगळी क्वार्टर्स असतात. तिथं आर्मी हॉस्पिटल असतं, शाळा असते, शेजारीण त्याच दशेतून जाणारी असते. १९६६ साली सुरू झालेली आर्मी वाइव्ह्ज वेल्फेअर असोसिएशन, म्हणजे ‘आवा’, अशा ठिकाणी चांगलं काम करते. पण सासू-सासरे, जमीन, जनावरं सोडून सगळ्यांनाच छावणीत जाता येत नाही. ज्या गावात राहतात त्यांच्यासाठी जिल्ह्याच्या गावी सैनिक कल्याण कार्यालय असतं. ते फक्त माजी सैनिकांचं, असा पुष्कळांचा समज आहे. तसं नाही. नोकरीत असलेल्या जवानाच्या घरच्या अडचणीही तिथं घेऊन जाता येतात, आणि जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष खुद्द जिल्हाधिकारी असतात. सुनांनो, एकदा तरी ते कार्यालय बघून या. अडचण आल्यावर पत्ता शोधत बसू नका.

गावात आम्ही सहा-सात जणी दर महिन्याला एकीच्या ओसरीवर बसतो. संस्था नाही, फलक नाही. दोनशे पानी एक वही आहे. ज्या घरातला माणूस फील्डला आहे, त्या घराला त्यात दोन पानं. जवानाचा आर्मी नंबर, हुद्दा, युनिटचा पत्ता, युनिटमध्ये कुणाला फोन करायचा, घरातल्यांचे रक्तगट, बाळंतपणाची तारीख, म्हाताऱ्यांच्या गोळ्या. रात्री दोन वाजता गाडी कुणाची मिळेल, त्याचंही नाव. फील्डला जायच्या आधी जवानाला बसवूनच ही पानं भरून घेतो. तो निघून गेल्यावर निम्मी माहिती घरात कुणालाच नसते.

आता एक अडचण सांगते. बाहेरून बघणाऱ्याला ती क्षुल्लक वाटेल. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही. जवान तिकडं पोचला की नवा नंबर घेतो आणि जुनं सिम पाकिटात जातं. इकडं बँकेला, गॅसला, रेशनच्या नोंदणीला, पीक पाहणीला तोच जुना नंबर जोडलेला. सून बँकेच्या खिडकीसमोर उभी, मागं रांग, आणि ओटीपी गेलाय लेहच्या पुढं एका बंद सिमकार्डावर. पैसे नवऱ्याचे, खातं नवऱ्याचं, आणि पोरीच्या हातात फीचा कागद. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, खिडकीतून ‘मालकांना घेऊन या’ असं उत्तर मिळालेलं. कुठून आणणार मालकांना? म्हणून आमचा पहिला नियम, जुनं सिम घरी ठेवूनच जायचं आणि खात्यावर बायकोचं नाव घालूनच जायचं. या दोन कामांनी निम्मे हेलपाटे वाचले.

दुसरं दुखणं बांधाचं. भाऊबंदकी फौजीची गैरहजेरी बरोबर हेरते. तो तिकडं गेला की इकडं बांध सरकतो, वाटेत काटे पडतात, कोर्टाची नोटीस येते. १९२५ सालचा एक कायदा आजही सैनिकाच्या पाठीशी आहे. युद्धाच्या परिस्थितीत किंवा सरकारनं जाहीर केलेल्या भागात नोकरीवर असलेल्या जवानाची बाजू मांडायला कुणी नसेल, तर रीतसर दाखला गेल्यावर कोर्ट दिवाणी दावा थांबवून ठेवतं. त्याच्या पाठीमागं एकतर्फी निकाल लागला असेल, तर तो उघडायलाही वाट आहे. गावातल्या वकिलांनी, तलाठ्यांनी, पोलीस पाटलांनी हे स्वतः होऊन त्या घरात जाऊन सांगावं. त्या माउलीला ठाऊक नाही म्हणून तिनं हरावं का?

आणि बातम्या. २०२५ च्या मे महिन्यात रजेवरच्या जवानांना परत बोलावलं, तेव्हा हळद उतरायच्या आत निघालेली मुलं आपण बघितली. संघर्षाच्या त्या चार दिवसांत घरोघरी टीव्ही मोठ्यानं चालू होते. जवानाच्या दारात माणसं येत, पण विचारत काय? ‘सध्या कुठं आहे? फोन लागतो का?’ दिवसातून वीस वेळा हे ऐकून एका आईनं जेवण सोडलं. तेव्हा आम्ही पाळी लावली. दोघींनी तिच्याकडं जाऊन बसायचं, टीव्ही बंद करायचा आणि मेथी निवडायची. बोलणं निघालं तर बोलायचं. पोराची नेमणूक कुठं आहे, हे कुणी मोबाइलच्या स्टेटसला टाकायचं नाही, हेही तेव्हाच घरोघर जाऊन सांगितलं.

एक गोष्ट मी चूक करून शिकले. सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ‘त्यांना कळवू नका, तिकडं जीव लागणार नाही,’ असं सगळ्यांनी ठरवलं आणि मीही पत्रात ‘सर्व कुशल’ लिहिलं. गावातलाच एक जवान रजेवरून परत गेला, त्याच्या तोंडून यांना कळलं. पुढच्या रजेत घरी आल्यावर हे एकच वाक्य बोलले, ‘मी या घरचा आहे की पाहुणा?’ तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. कळवावं. दवाखान्यात कुणी नेलं, आता कसं आहे, पैशाचं काय केलं, हे सगळं एका दमात सांगावं. मागं कुणीतरी उभं आहे हे कळलं, की वाईट बातमीही माणूस पेलतो. शेजारी लागतो तो इथं.

गेल्या वर्षी आमच्या आळीतल्या एका सुनेचा नवरा तिच्या सातव्या महिन्यात वर चौकीवर गेला. कळा सुरू झाल्या तेव्हा वहीतली गाडी आली, दोघी बरोबर गेल्या, मुलगी झाली. आता पुढचं काम. फौजेत मूल झाल्याची नोंद ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये व्हावी लागते. ती झाली की मूल कागदावर त्याचं. पण जन्मदाखल्यात आईचं नाव एक आणि युनिटच्या कागदात दुसरं, असं झालं की नोंद अडकते. लग्नात नाव बदलतं, स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडंतिकडं होतं, आणि दुरुस्तीला वर्ष जातं. म्हणून दाखल्याआधी आम्ही युनिटला निरोप धाडला, कागदात आहे तसं स्पेलिंग कळवा म्हणून.

चौथ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. तो स्वतःच होता. मागं वारा घोंघावत होता, आवाज तुटत होता. बायको बाळंतिणीच्या खोलीत, बाळ तिच्या मांडीवर, मी खाटेच्या कडेला वही घेऊन. त्यानं एकेक अक्षर सांगितलं. मी मोठ्यानं परत म्हणायची, तो ‘हां’ म्हणायचा. बायकोचं नाव झालं, आडनाव झालं, त्याचं स्वतःचं झालं. मग म्हणाला, ‘काकू, एकदा पहिल्यापासून वाचा.’ मी वाचलं. बरोबर आहे म्हणाला. मी फोन पोरीच्या कानाशी नेला तोवर लाइन तुटली होती. ती काही बोलली नाही. माझ्या हातातून वही घेतली आणि ती अक्षरं बोटानं परत एकदा वाचली.