तांदळाचा कोंडा

तांदूळ जितका पांढरा तितकें घर संपन्न, अशी समजूत शहरी घरांतून पुष्कळ वर्षें नांदत आली आहे. परंतु ह्या पांढरेपणाची किंमत किती जबर असूं शकते, हें जाव्हा बेटांतील कांहीं कोंबड्यांनीं दाखवून दिलें.

इ. स. १८९० च्या सुमारास बटाव्हिया, म्हणजे हल्लींचें जकार्ता, येथें ख्रिस्तियान आइकमन हे डच वैद्य बेरीबेरी रोगाचा शोध घेत होते. ह्या रोगांत पाय लुळे पडतात, हृदय दुबळें होतें आणि प्रसंगीं मृत्यूही ओढवतो. रोगजंतूंचा माग चालू असतां प्रयोगशाळेंतील कोंबड्याच लंगडूं लागल्या, आणि कांहीं महिन्यांनीं आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशीअंतीं कळलें तें असें: मधल्या काळांत त्यांना रुग्णालयाच्या मुदपाकखान्यांतील उरलेला सडीक तांदळाचा भात मिळत होता, नव्या आचाऱ्यानें तो नाकारतांच पुन्हां असडीक तांदूळ मिळूं लागला. भातांत कांहीं विष असावें, असें आइकमन यांना प्रथम वाटलें. वास्तविक विष नव्हतें, उणीव होती. कोंड्याबरोबर एक आवश्यक द्रव्य निघून जातें, हें त्यांच्या मागून तेथें काम करणाऱ्या ख्रेन्स यांनीं १९०१ सालीं सुचविलें. तेंच पुढें 'ब१' जीवनसत्त्व म्हणून ओळखलें गेलें. १९३६ सालीं तें कृत्रिम रीतीनें तयार करणाऱ्या रॉबर्ट विल्यम्स यांचा जन्म भारतांतील नेल्लोरचा. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेचें मूळही १९१८ सालीं कुन्नूर येथें निघालेल्या बेरीबेरी-चौकशी विभागांतच आहे.

कोंकण-गोव्यांतील उकड्या तांदळाला मात्र ह्या शास्त्राची वाट पाहावी लागली नाहीं. साळ भिजवून, उकडून व वाळवून मग सडली म्हणजे कोंड्यांतील सत्त्व दाण्याच्या आंत शिरतें, आणि गिरणींतूनही बरेंचसें टिकून राहतें.

तथापि उत्तम तांदूळ म्हणजे पूर्ण आहार नव्हे. धान्याच्या प्रथिनांत जें द्रव्य कमी असतें तें डाळींत भरपूर असतें, आणि डाळींत जें उणें तें धान्य पुरवितें. म्हणून वरण-भाताची किंवा भाकरी-उसळीची जोडी केवळ चवीची नव्हे. ताटांतील लिंबाची फोड पालेभाजीतील व डाळींतील लोह शरीरांत मुरण्यास मदत करते. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकीं धान्याचा वांटा ४५ टक्क्यांहून अधिक नसावा, असें पोषण संस्थेनें २०२४ सालीं सांगितलें. भाताचा ढीग लहान करून भाजी, उसळ, ताक व फळ यांना जागा द्यावी, एवढाच याचा घरगुती अर्थ.

परंतु एकाच ताटांत तोल साधून भागत नाहीं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याचीं कारणें अनेक आहेत. पण मागाहून जेवणाऱ्या गृहिणीच्या वांट्याला पुष्कळदां तळाचा भात व पातळ आमटी येते, हें त्यांतील एक कारण कोणत्याही औषधावांचून दूर करतां येण्यासारखें आहे. ज्या घरांत तिचें ताट सर्वांबरोबर व सर्वांइतकेंच भरलेलें वाढलें जातें, त्या घराला आहारशास्त्राचा पहिला धडा कळला असें म्हणावयास हरकत नाहीं.